पश्चिमेस समुद्र

कॉलेजने दिलेली डायरी, निळ्या पुठ्ठ्याची.
रकाने तीन : दिनांक, केलेले काम, वकिलांची सही.
तीस दिवस भरायचे होते देवगडात.

पहिल्या दिवशी दुखंडे वकिलांनी
झेरॉक्सचं दुकान दाखवलं.
दुसऱ्या दिवशी, वकीलपत्रावर तिकीट कुठे लावतात ते.
तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसून
मी चौदा तारखा पडलेल्या ऐकल्या
आणि लिहिलं : न्यायालयीन कामकाजाचे निरीक्षण.

रूममेट मुंबईत, बाविसाव्या मजल्यावर,
स्वेटर घालून कंपन्यांच्या विलीनीकरणाचे करार वाचायची.
माझ्याकडे एक कुरकुरता पंखा,
आणि फायली उडू नयेत म्हणून
पुळणीवरून आणलेले गोटे.

नवव्या दिवशी द्रौपदी तारी आली.
डोक्यावर टोपली नव्हती
त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.
पिशवीत सासऱ्याच्या वेळचा कागद,
घडीवर चार तुकडे झालेला, सुक्या बांगड्याचा वास येणारा.
भांडण मासे सुकवायच्या खळ्याचं.
कुणीतरी तिथे चिऱ्यांचा गडगा घातला होता,
गडग्यावर पाटी : पाहुण्यांसाठी खासगी किनारा.

"वाच," दुखंडे म्हणाले. "मोठ्याने."
येणेप्रमाणे चतुःसीमा :
पूर्वेस पायवाट.
दक्षिणेस वहाळ.
उत्तरेस भिकाजी कुबल यांचे माड, नग सात.
पश्चिमेस समुद्र.

मालमत्तेच्या पेपरात मला अडुसष्ट मार्क होते.
तरी अडकले.
"सर, समुद्र म्हणजे कुठला? भरतीचा की सुकतीचा?"
टायपिस्ट बावकरांचे हात
'सबब' लिहिताना 'सब'वरच थांबले.
दुखंड्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
सही त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मागून केली.

सकाळी टेप घेऊन खळ्यावर गेलो.
एक टोक पायवाटेवर, माझ्या अंगठ्याखाली,
दुसरं घेऊन द्रौपदीबाई पाण्याकडे चालत गेली
आणि घोटाभर पाण्यात उभी राहून ओरडली,
"खंय धरू गो? तो काय आपलो गडी आसा,
थांब म्हटल्यार थांबाक?"

मग तिने उत्तरेकडे बोट केलं.
माड तीन.
उरलेल्या चारांची बुंधं लाटेबरोबर दिसत होती, बुडत होती.
"आमचां खळां थंय," पाण्याकडे हात करत ती म्हणाली,
"आणि गडगो त्यांचो कोरड्यार."

परतताना मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे?
"अर्धं महसुलाच्या कपाटात," दुखंडे म्हणाले,
"अर्धं किनाऱ्याच्या अधिसूचनेत.
अर्धं मच्छीमार खात्यात, तिथला माणूस रजेवर."
"सर, ही तीन अर्धी झाली."
"म्हणून तर निकाल लागत नाही."

त्या रात्री सागरी कायद्याच्या पदविकेचा अर्ज उघडला.
एक वर्ष, फी दोन हप्त्यांत, शेवटची तारीख शुक्रवार.
हा विषय का निवडता? तीनशे शब्दांत लिहा.
लहानपणापासून आवड, असं लिहिलं. खोडलं.
समुद्राशी नातं, असं लिहिलं. तेही खोडलं;
आमचं घर कणकवलीच्या हायवेला, समुद्र मी सहलीला पाहिलेला.
शेवटी उरलं ते एवढं :
सात माड होते. तीन आहेत.
बाकीचे शब्द सुचेनात. टेपमध्ये वाळू गेलेली,
ती आत जाईना, आणि उद्या बावकर ओरडणार
की टेप त्यांच्या घरची होती.

बाविसाव्या दिवशी दावा पुकारला.
प्रतिवादी गैरहजर. पुढची तारीख सोळा.
मी चिठ्ठीवर लिहून दिलं, वाचूनही दाखवलं.
द्रौपदीबाईने चिठ्ठी उजेडाला धरली.
"सोळाक पाणी कितक्या वाजता भरतला,
ता लिवलला आसा काय हेच्यार?"

मी चिठ्ठी परत घेतली.
उलटून पाहिली.